विरघळणारी काच आणि टिकायचं सिमेंट

दातात भरायचं सिमेंट कसं कालवतात, हे खुर्चीत बसल्या बसल्या मान वळवून एकदा जरूर पाहा. गुळगुळीत कागदाच्या पॅडवर मापाच्या चमच्याने पांढरी पूड घेतात, शेजारी मधासारख्या दाट द्रवाचा एखादा थेंब टाकतात. पुडीचे दोन भाग करतात. पहिला भाग थेंबात ओढून घ्यायचा, तो भिजला की दुसरा. कालवायचं पातं प्लास्टिकचं असतं, कारण ही पूड धातूला खरवडते आणि सिमेंट काळपट होतं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. तयार लगदा ओला चकाकतो आणि ती चकाकी आहे तोवरच तो दातात जायला हवा. चकाकी उतरली, तर लगदा मऊ वाटत असला तरी टाकून द्यायचा आणि नवा कालवायचा.

या साध्या नियमामागचं कारण समजलं तर या लेखाचा अर्धा विषय समजला. चकाकी म्हणजे लगद्यात अजून मोकळं आम्ल शिल्लक असल्याची खूण. तेच आम्ल दातातल्या कॅल्शियमला जाऊन धरतं. चकाकी गेली याचा अर्थ आम्ल पुडीशीच झटापट करण्यात संपलं. आता तो लगदा खड्ड्यात बसेल, घट्टही होईल, पण दाताला धरणार नाही.

आणि ती पूड असते काचेची. भट्टीत वितळवलेली, तापलेली असतानाच पाण्यात ओतून फोडलेली आणि मग पिठासारखी दळलेली खरीखुरी काच. गेल्या दोन-अडीच दशकांत या काचेत आणखी एक काच मिसळून पाहण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. तिचं नाव बायोॲक्टिव्ह ग्लास, म्हणजे शरीराच्या द्रवात विरघळता विरघळता हाडासारखं खनिज तयार करणारी काच. भरलेल्या सिमेंटनेच आजूबाजूचा दात दुरुस्त करावा, ही त्यामागची कल्पना. मला ती मनापासून आवडते. पण तिच्याबद्दल बोलताना फायदा तेवढा मोठ्याने सांगितला जातो आणि त्याबदल्यात काय सोडावं लागतं ते दबक्या आवाजात, म्हणून दोन्ही बाजू नीट मांडते.

कडेचा प्रश्न

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. त्याच्या आतलं डेंटिन साधारण ७० टक्के खनिज. उरलेल्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे आणि पाणी. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइट, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं बनलेलं. दातावर साठलेल्या थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून खनिज सुटायला लागतं. डेंटिन त्याहून नाजूक, त्याचं खनिज साडेसहाच्या आसपासच सुटू लागतं. मग लाळ येते, आम्ल सौम्य करते, तिच्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत दातावर बसतं. हा जमाखर्च दिवसभर चालू असतो. खर्च सतत जमेपेक्षा जास्त व्हायला लागला की कीड लागली असं आपण म्हणतो.

डॉक्टर कीड कोरून खड्डा भरतात, पण त्याने जमाखर्चाचं गणित बदलत नाही. तोंड तेच, जंतू तेच, सवयी त्याच. शिवाय आता एक नवी जागा तयार झालेली असते: भरलेला पदार्थ आणि दात यांच्यामधली कड. रेझिनचं, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचं, दातरंगी फिलिंग कडक होताना थोडं आकसतं. चावताना ताण येतो, गरम-थंडाने दात आणि फिलिंग वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि कडेला कुठेतरी केसाहूनही बारीक फट पडते. जंतू असतो मायक्रोमीटरभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्याला तेवढी वाट पुरते. जुनं फिलिंग काढून पुन्हा भरावं लागण्याच्या मुख्य कारणांमध्ये ही कडेला नव्याने लागलेली कीड येते. आणि प्रत्येक वेळी नव्याने भरताना खड्डा थोडा मोठाच होतो.

दुसरा प्रश्न खड्ड्याच्या तळाचा. खोल किडलेला दात हाताच्या हत्याराने कोरताना दोन थर वेगळे जाणवतात. वरचा ओलसर, भुसभुशीत, चमच्यासारख्या टोकाने सहज खरवडून निघणारा. त्याच्याखालचा चामड्यासारखा चिवट, सहज न सुटणारा. वरच्या थरात जंतू खच्चून भरलेले असतात आणि कोलॅजेनचे धागे तुटून गेलेले असतात; तो काढायलाच हवा. खालच्या थरातलं खनिज बरंचसं गेलेलं असतं, पण धाग्यांचा सांगाडा शाबूत असतो. पूर्वी तोही कोरून टाकत आणि कधी कधी थेट दाताच्या नसेपर्यंत पोचत. आता खोल खड्ड्यात, नसेजवळ, तो मुद्दाम ठेवतात. वर घट्ट फिलिंग बसलं तर जंतूंची रसद तुटते आणि सांगाड्यात पुन्हा खनिज भरण्याची शक्यता राहते.

कडेला फट आणि तळाला खनिज गमावलेला थर, या दोन जागा डोळ्यांसमोर ठेवा. बायोॲक्टिव्ह काच सिमेंटमध्ये घालण्याचा सगळा खटाटोप या दोन जागांसाठी आहे.

पहिली काच: धरून ठेवणारी

ज्या सिमेंटपासून सुरुवात केली त्याचं नाव ग्लास आयोनोमर. दवाखान्यात त्याला जीआयसी म्हणतात. लंडनच्या 'लॅबोरेटरी ऑफ द गव्हर्नमेंट केमिस्ट' या सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते घडवलं आणि १९७२ मध्ये दंतवैद्यांसमोर ठेवलं. पूड म्हणजे कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सिलिका आणि फ्लोराइड असलेली काच. द्रव म्हणजे पॉलिॲक्रिलिक आम्लाचं पाण्यातलं द्रावण.

पॉलिॲक्रिलिक आम्लाचा रेणू म्हणजे एक लांब साखळी, जिच्यावर ठिकठिकाणी आम्लाचे आकडे लटकलेले आहेत अशी कल्पना करा. आम्ल काचेच्या कणांचा वरचा थर खातं आणि त्यातून कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटतात. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार असतात, म्हणून तो दोन आकडे एकत्र बांधू शकतो. ॲल्युमिनियमवर तीन असतात. आधी कॅल्शियम धावत येऊन साखळ्या बांधतो आणि काही मिनिटांत लगदा आळतो. ॲल्युमिनियम सावकाश येतो, पण खरी मजबुती तो देतो; त्याचं काम पुढे दिवसभर आणि त्यानंतरही चालू राहतं. म्हणून सिमेंट भरल्यावर वरून वार्निश किंवा पेट्रोलियम जेली लावतात. त्या सुरुवातीच्या वेळात लाळ लागली तर साखळीला बांधले जायचे आयन धुऊन निघतात आणि वरचा थर खडूसारखा होतो.

काही आकडे दाताच्या कॅल्शियमलाही धरतात. दाताशी रासायनिक नातं जोडणारा भराव म्हणून जीआयसीची ख्याती आहे ती यामुळे. शिवाय काचेतलं फ्लोराइड हळूहळू बाहेर झिरपतं, पहिल्या एक-दोन दिवसांत भरपूर, मग थोडं थोडं. त्याची मोठी उणीव म्हणजे ताकद. चावायच्या पृष्ठभागावर भरायच्या जीआयसीला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे निदान १०० मेगापास्कल दाब सोसावा लागतो, म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर सुमारे १० किलो वजन. ऐकायला हे खूप वाटतं, पण डेंटिन स्वतः साधारण ३०० मेगापास्कल सोसतं. जीआयसी ठिसूळ असतं आणि झिजतंही.

फ्लोराइडबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फ्लोराइड एकट्याने दात बांधत नाही. फ्लोरॲपेटाइट नावाचं आम्लाला जास्त दाद न देणारं खनिज बनायला २ फ्लोराइडबरोबर १० कॅल्शियम आणि ६ फॉस्फेट लागतात. फ्लोराइड हा कसबी गवंडी मानला, तर विटा लाळेतून यायला हव्यात. भरपूर लाळ असलेल्या तोंडात त्या येतात. फटीच्या आत खोलवर, किंवा लाळच कमी असलेल्या तोंडात, गवंडी रिकाम्या हातांनी उभा राहतो. बायोॲक्टिव्ह काच या विटा घेऊन येते.

दुसरी काच: विरघळणारी

या दुसऱ्या काचेची सुरुवात एका बसप्रवासात झाली. १९६७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच अमेरिकी सैन्याच्या एका साहित्यविज्ञान परिषदेला निघाले होते. शेजारी व्हिएतनामहून नुकताच परतलेला एक कर्नल होता. हेंच आपल्या काचांबद्दल सांगत होते. कर्नलने विचारलं की तुम्हाला शरीराने नाकारणार नाही असा पदार्थ बनवता येईल का? जखमी सैनिकांच्या शरीरात धातू आणि प्लास्टिक घालत होते, आणि शरीर त्याभोवती व्रणाचं कवच करून त्याला वेगळं पाडत होतं.

हेंच यांचा तर्क साधा होता. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, तर पृष्ठभागावर तेच निर्माण करणारी काच करावी. १९६९ मध्ये तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी ते काढायला गेले तर निघेनात. हाड काचेला जडलं होतं.

तिला 45एस5 म्हणतात. वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, तेवढंच कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. खिडकीच्या काचेत सिलिका ७० टक्क्यांच्या वर असते. तिचं जाळं घट्ट विणलेलं असतं, म्हणून पावसाने ती झिजत नाही. 45एस5 मध्ये सिलिका कमी आणि सोडियम-कॅल्शियम भरमसाट, त्यामुळे जाळं सैल. पाणी लागलं की आधी सोडियम बाहेर पडतो आणि त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन आत जातो. पाणी अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, होतं. बारीक पुडीभोवती पीएच सहज ९ च्या वर जातो आणि एवढी अल्कली किडीच्या जंतूंना मानवत नाही. कणाच्या पृष्ठभागावर सिलिकाचा जेलीसारखा थर उरतो. त्या थरावर कॅल्शियम आणि फॉस्फेट येऊन बसतात, आधी विस्कळीत आणि मग स्फटिकरूपात. तयार होतं ते कार्बोनेट असलेलं ॲपेटाइट, हाडाच्या आणि डेंटिनच्या खनिजाचं सख्खं भावंड.

दातांच्या दुनियेत ही काच टूथपेस्टमधून आधीच आलेली आहे. दात शिवशिवण्यावरच्या काही पेस्टच्या वेष्टनावर 'कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट' असं लिहिलेलं दिसेल. ती हीच, बाजारातलं नाव नोव्हामिन. उघड्या पडलेल्या डेंटिनमध्ये एक-दोन मायक्रोमीटर रुंदीच्या असंख्य नळ्या असतात. पेस्टमधले कण त्यांच्या तोंडावर बसून, विरघळून खनिजाची बुचं करतात. तिथे सगळं सोपं आहे, कारण पेस्टला मजबूत असण्याची गरज नाही. कणांनी विरघळून जावं, बस्स.

दोघींना एकत्र आणलं की

पहिली काच सिमेंटात जागच्या जागी राहावी म्हणून बनवलेली. दुसरीचा सगळा गुण विरघळण्यात. भरावाने टिकावं आणि काचेने झिजावं, हे दोन्ही एकाच खड्ड्यात, एकाच वेळी हवं आहे. पुड्या एकत्र केल्या की अडचणी एकामागून एक येतात.

पहिली अडचण कालवतानाच येते. बायोॲक्टिव्ह काच अल्कली सोडणारी, आणि तिला टाकायचं कुठे, तर आम्लात. सैल जाळ्यामुळे आम्ल तिच्यावर तुटून पडतं, कॅल्शियम आणि सोडियम धो धो सुटतात आणि आम्ल भराभर संपतं. सुरुवातीची चकाकी आठवा. ती लवकर उतरते. भरणाऱ्याच्या हाती वेळ कमी उरतो आणि दाताला धरायला मोकळे आकडेही कमी उरतात. वर, ज्या काचेने महिनोन्महिने दातात विरघळत राहावं अशी अपेक्षा, तिचा काही भाग कागदाच्या पॅडवरच खर्ची पडतो.

दुसरी अडचण बांधणीची. सोडियमच्या आयनावर एकच धनभार असतो. तो एक आकडा अडवून बसतो, दोन साखळ्या बांधत नाही. सुटलेलं फॉस्फेटही साखळ्यांच्या वाट्याचा कॅल्शियम पळवतं. आणि जितकी बायोॲक्टिव्ह काच घालाल तितकी ॲल्युमिनियम देणारी मूळ काच कमी होते. म्हणजे मजबुती देणारा आयनच घटतो. पुढे दातात गेल्यावर कण खरंच विरघळले, तर त्यांच्या जागी पोकळ्या उरतात आणि तिथून तडा सुरू होऊ शकतो.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे पद्धतशीर तपासलं. त्यांनी घेतलेली काच थोडी वेगळी होती, एस53पी4 नावाची, ५३ टक्के सिलिकाची. जीआयसीमध्ये ती १०, २०, ३० टक्के अशी वाढवत नेली. प्रमाण वाढलं तशी दाब सोसायची ताकद उतरत गेली. डेंटिनवर खनिज बसवण्याची क्षमता मात्र दिसली. त्यानंतर वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळ्या काचा वापरून झालेल्या कामाचा सूर बराचसा असाच आहे: थोडी घातली तर ताकदीचं नुकसान आटोक्यात राहतं, फायदाही माफक, जास्त घातली तर फायदा वाढतो आणि सिमेंट ढिलं पडतं. रेझिन मिसळलेल्या, निळ्या प्रकाशाने कडक होणाऱ्या जीआयसीला एक सोय आहे. त्याचा सांगाडा फक्त आयनांच्या गाठींवर उभा नसतो, रेझिनचं दुसरं जाळंही असतं, त्यामुळे ते काच घातल्यावरही जास्त तग धरू शकतं.

तिसरी अडचण मला सगळ्यांत विलक्षण वाटते. ॲल्युमिनियम हा सिमेंटचा कणा आहे आणि बायोॲक्टिव्ह काचेचा वैरी. बायोॲक्टिव्ह काचेत थोडंसं ॲल्युमिनियम मिसळलं तरी तिचा पृष्ठभाग टणक होतो आणि हाडाला जडण्याचा तिचा गुण मंदावतो, हे हाडांवरच्या सुरुवातीच्या कामातच लक्षात आलं होतं. ॲपेटाइटचे स्फटिक वाढण्यातही ॲल्युमिनियम अडथळा आणतं. आता जीआयसीत ते चहूबाजूंनी आहे. ज्याच्यामुळे सिमेंट उभं राहतं, तेच नव्या काचेच्या कामात खोडा घालतं. ॲल्युमिनियम वगळून जस्त किंवा मॅग्नेशियम असलेल्या काचेचं सिमेंट करून पाहिलं गेलं आहे. त्याने हा खोडा निघतो, पण ॲल्युमिनियमएवढी मजबुती मिळवणं कठीण जातं.

यावरचे उपाय बहुतेक काचेची पाककृती बदलण्याचे आहेत. सोडियम कमी केला तर आम्लाचा पहिला हल्ला सौम्य होतो. काचेतच फ्लोराइड घातलं तर कार्बोनेट ॲपेटाइटऐवजी फ्लोरॲपेटाइटकडे कल जातो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात रॉबर्ट हिल यांच्या गटाने फ्लोराइड आणि जास्त फॉस्फेट असलेल्या काचा केल्या आणि त्यांतून टूथपेस्टही निघाली. कॅल्शियमच्या जागी काही प्रमाणात स्ट्रॉन्शियम घातलं तर एक्स-रेमध्ये भराव उठून दिसतो, जो फायदा वाटतो तेवढा किरकोळ नाही: फिलिंग दिसलं नाही तर त्याच्या कडेची कीड ओळखायची कशी? जस्त घालून जंतूंवर थोडा अंकुश ठेवता येतो. नॅनो आकाराची पूडही करून पाहतात. ती लवकर काम करते, पण लवकर काम करणं म्हणजे पुन्हा पॅडवरच आम्ल संपवणं, आणि आपण फिरून पहिल्या अडचणीपाशी येतो. काचेचे कण न घालता काचेचे आखूड धागे घालण्याची कल्पना मला जास्त आशादायक वाटते. पसरत्या तड्याला आडवा आलेला धागा त्याला काही काळ तरी रोखतो, त्यामुळे ताकदीची थोडी भरपाई होते.

प्रयोगशाळेतला पुरावा कसा वाचायचा

असा एखादा प्रयोग बातमीत येतो तेव्हा बहुधा एक छायाचित्र असतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सिमेंटवर फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे गोल गोल पुंजके. ते ॲपेटाइट. चित्र खोटं नसतं, पण ते कशात तयार झालं हे बघायला हवं. क्योटोच्या तादाशी कोकुबो यांनी १९९० च्या सुमारास रूढ केलेला एक द्रव आहे, 'सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड'. त्यातले क्षार रक्तद्रवाच्या प्रमाणात असतात. हाडासाठीच्या पदार्थांची पहिली चाळणी म्हणून तो उत्तम. सिमेंटची गोळी ३७ अंश सेल्सियसला त्यात बुडवून ठेवायची आणि काही दिवसांनी बघायचं.

तोंडात असं काही नसतं. लाळेत प्रथिनं असतात आणि ती काही सेकंदांत पृष्ठभागावर पातळ थर धरतात. त्यातली काही प्रथिनं मुद्दाम स्फटिक वाढू देत नाहीत, नाहीतर आपले दात नको तिथे वाढत बसले असते. त्या थरावर जंतू येतात, ब्रश फिरतो, दिवसातून कित्येकदा आम्ल येऊन जातं. शिवाय पृष्ठभागावर पुंजके आले म्हणजे चामड्यासारख्या डेंटिनच्या आत, कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये खनिज भरलं असं होत नाही. धाग्यांवर बाहेरून बसलेलं खनिज आणि धाग्यांच्या आत भरलेलं खनिज यांत मोठा फरक आहे. डेंटिनला त्याचा कणखरपणा धाग्यांच्या आत भरलेल्या खनिजाने मिळतो.

म्हणून माझा वाचण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी बघते की ताकद आणि आळण्याचा वेळ मोजलाय का. मग खऱ्या किडलेल्या डेंटिनवर काम केलंय की नुसत्या गोळीवर. मग किती महिने. ताकद एका दिवसाने मोजून थांबले असतील तर मला समाधान होत नाही, कारण विरघळणाऱ्या काचेचं खरं रूप पुढेच कळणार असतं. शेवटी, माणसांच्या तोंडात दोन-तीन वर्षं भराव कसा राहिला. पहिल्या प्रकारचे प्रयोग ढीगभर आहेत, शेवटच्या प्रकारचे मोजके. भरावाच्या जाहिरातीत 'बायोॲक्टिव्ह' हा शब्द आता इतका सैल झालाय की नुसतं फ्लोराइड सोडणाऱ्या पदार्थालाही तो लावतात. बायोॲक्टिव्ह काच असणं वेगळं आणि तो शब्द डबीवर असणं वेगळं.

मग ती घालायची कुठे

दाढेच्या चावायच्या पृष्ठभागावर, जिथे रोज शेकडो वेळा भार पडतो, तिथे आहे ती ताकद कमी करून आयन मिळवण्याचा व्यवहार मला पटत नाही. खोल खड्ड्याच्या तळाला, त्या चिवट थरावर अस्तर म्हणून, वर मजबूत फिलिंग घालून, तो पटतो. तिथे भार वरचा थर घेतो आणि खालच्या अस्तराने शांतपणे कॅल्शियम-फॉस्फेट देत राहावं. या कामात तिला स्पर्धाही आहे: कॅल्शियम सिलिकेटची सिमेंटं, एमटीए नावाच्या दंतसिमेंटच्या कुळातली, नसेजवळ चांगलं काम करतात आणि त्यांच्यामागे माणसांवरच्या अभ्यासांचं बळ पुष्कळ जास्त आहे. आज नस उघडी पडली असेल तर डॉक्टरने तिकडे वळावं हेच योग्य.

पण एक जागा अशी आहे जिथे या काचेची खरी गरज आहे असं मला वाटतं, आणि ती म्हणजे वय झालेल्या माणसांच्या दातांची मुळं. हिरड्या खाली सरकतात, मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतं, थेट डेंटिनच समोर येतं, साडेसहाच्या पीएचलाच खनिज गमावणारं. त्यात रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी लाळ आटते. डोक्याला आणि मानेला रेडिएशन घेतलेल्या रुग्णांची तर लाळ जवळजवळ थांबलेली असते. मग हिरडीच्या काठाने दाताभोवती तपकिरी पट्टा पसरत जातो, आणि वर धडधाकट दिसणारा दात एके दिवशी मुळाशी मोडतो. ज्यांनी आयुष्यभर दात सांभाळले त्यांच्या वाट्याला हे यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

तिथे फिलिंगवर चावण्याचा थेट भार नसतो, त्यामुळे ताकदीत थोडं कमी चालतं. जागा ओलसर, हिरडीला लागून, रेझिन चिकटवायला अवघड. जीआयसी तिथे आजही पहिली पसंती आहे. त्यातलं फ्लोराइड येतं, पण लाळ नसल्याने कॅल्शियम आणि फॉस्फेट येत नाहीत. सिमेंटात १० टक्क्यांच्या आसपास बायोॲक्टिव्ह काच असेल, तिच्यात सोडियम कमी असेल आणि लगद्याची चकाकी अर्धा-पाऊण मिनिट जास्त टिकेल अशी तिची घडण असेल, तर लाळेने आणायच्या त्या विटा भरावच घेऊन येईल, नेमक्या त्या कडेपाशी, जिथून तपकिरी पट्टा पुढे सरकतो. या रुग्णांवर, याच जागी, दोन-तीन वर्षांचे अभ्यास व्हायला हवेत.